पास, नापास आणि ‘अजून नाही’

महाराष्ट्रात एमए काउन्सेलिंग, पीजी डिप्लोमा वगैरे कोर्स चालवणाऱ्या सगळ्या विभागप्रमुखांना आणि प्रवेश समितीत बसणाऱ्या सर-मॅडमना,

नमस्कार.

मी शाळेत समुपदेशक आहे, सोळा वर्षं झाली. दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्यापैकी कोणाचं तरी लेटरहेडवरचं पत्र येतं, की आमच्या अमुक विद्यार्थ्यांना आपल्या शाळेत इतक्या तासांची इंटर्नशिप करू द्यावी ही विनंती, आणि मी हो म्हणते कारण मलाही कधीतरी कोणीतरी हो म्हटलेलं. मग सोमवारी सकाळी तीन-चार मुली आणि एखादा मुलगा नव्याकोऱ्या वह्या घेऊन स्टाफरूमबाहेर उभे असतात. गुणी पोरं असतात, खोटं कशाला बोलू. पण त्या पत्रात एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते, की हे मूल दुसऱ्याच्या दुःखासमोर बसायला तयार आहे का हे तुम्ही बघितलंय का, आणि बघितलं असेल तर कसं. माझा अंदाज आहे नाही बघितलं. ग्रॅज्युएशनचे टक्के बघितले, एंट्रन्समधले अचूक पर्याय बघितले, मग जमलं तर दहा मिनिटांचा इंटरव्ह्यू, त्यात ‘या फील्डमध्ये का यावंसं वाटलं’ आणि ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता’. आणि मग पोरं माझ्या दारात.

आधी शब्दाबद्दल थोडं बोलते. आपल्या मराठीत या कामाला जो शब्द पडला, समुपदेशन, त्याच्या पोटातच उपदेश बसलाय. अर्धी भानगड तिथेच होते. अर्ज भरणाऱ्या दर दुसऱ्या मुलाला वाटतं की आपण उपदेश करायला चाललोय, फक्त गोड आवाजात. एसओपीमध्ये, म्हणजे ‘मला हा कोर्स का करायचाय’ या अर्जासोबतच्या निबंधात, हमखास एक वाक्य असतं, तुम्हीही शेकड्याने वाचलं असेल, की लहानपणापासून सगळे मैत्रिणी-मित्र माझ्याकडेच प्रॉब्लेम घेऊन येतात आणि मी सगळ्यांना सोल्युशन देते. हे वाक्य लिहिणाऱ्याला तुम्ही प्लस मार्क देता. मी तिथेच पेन खाली ठेवून विचारलं असतं, बाई गं, सोल्युशन देता आलं नाही तेव्हा तू काय केलंस? त्या प्रश्नावर जी मुलगी थांबेल, विचार करेल, कसंनुसं हसून म्हणेल की तेव्हा मला फार राग आला होता, तिच्यात मला जास्त रस आहे.

आता जे झालं ते सांगते. तपशील बदललेत, वर्षही सांगत नाही, पण गोष्ट खरी आहे.

एका वर्षी एक इंटर्न आली होती. शांत, वाचणारी, मुलांमध्ये पटकन मिसळणारी. ऑक्टोबर उजाडेपर्यंत मला ती सगळ्यात आवडती झाली होती. तिच्याकडे नववीतला एक मुलगा येत होता, अभ्यासात लक्ष नाही म्हणून वर्गशिक्षकांनी पाठवलेला. तिसऱ्या सेशनला तो तिला म्हणाला, ताई मला ना सगळं संपवून टाकावंसं वाटतं. ती उठली, म्हणाली पाणी पिऊन येते, आणि परत गेलीच नाही. मला कळलं कसं, तर तो मुलगाच माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि विचारायला लागला, मॅडम, त्या ताईंना काय झालं, मी काही चुकीचं बोललो का?

बघा, मरणाचा विचार तो करत होता आणि काळजी ताईची करत होता.

मुलाचं पुढचं सगळं केलं आम्ही, त्या दिवशी त्याला एक मिनिट एकटं सोडलं नाही, आईवडिलांना बोलावलं, सायकियाट्रिस्टकडे नेलं, तो आज ठीक आहे. पण माझ्याशी धडपणे बोलायला त्याला दोन आठवडे लागले, कारण त्याच्या लेखी त्याने एकदा खरं सांगून बघितलं होतं आणि समोरचं माणूस उठून गेलं होतं. ताई मला मागच्या जिन्याच्या पायऱ्यांवर सापडली. तिचा धाकटा भाऊ दहा महिन्यांपूर्वी असाच गेला होता. मी म्हटलं अगं हे कोणाला माहीत होतं? तर म्हणाली, सगळ्यांना, मी इंटरव्ह्यूमध्येच सांगितलं होतं. आणि तेव्हा पॅनेलवरच्या एका मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या की अशाच संवेदनशील मुलींची या क्षेत्राला गरज आहे.

मी विभागात फोन केला. उत्तर मिळालं, तास पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट तेवढं द्या मॅडम, नाहीतर तिचं सेमिस्टर वाया जाईल.

दोष फक्त तुमचा म्हणत नाही. मीही पहिल्या दिवशी तिला बसवून विचारलं नव्हतं की कुठला विषय तुला स्वतःला जड जाईल. आता विचारते, प्रत्येकाला. पण माझ्याकडे येईपर्यंत उशीर झालेला असतो, कारण तेव्हा समोर खरं मूल बसलेलं असतं.

त्या मुलीने कोर्स सोडला. दोन वर्षं एका लायब्ररीत नोकरी केली, स्वतः थेरपी घेतली, मग दुसऱ्या ठिकाणी पुन्हा अॅडमिशन घेतली आणि आज ती काम करते, आणि चांगलं करते, मी तिच्याकडे डोळे मिटून केस पाठवते. ‘अजून नाही’ हे जे उत्तर तिला तुमच्या समितीकडून मिळायला पाहिजे होतं ते तिने स्वतःच स्वतःला दिलं. तुमच्या रजिस्टरला मात्र ती ड्रॉपआउट आहे. तुमच्या सिस्टीममध्ये दोनच खाने आहेत ना, पास आणि नापास. मी हे पत्र त्या तिसऱ्या खान्यासाठी लिहितेय.

इथे लगेच एक गैरसमज होईल म्हणून सांगते. तयार असणं म्हणजे आयुष्यात काही घडलेलं नसणं असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट ज्याच्या अंगावर एक ओरखडा नाही असं मूल बरेचदा समोरच्याचं दुःख पुस्तकातल्या चित्रासारखं बघतं. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे, तिथे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसं समुपदेशक म्हणून उभी राहिली हे महाराष्ट्राला नव्याने सांगायची गरज नाही. त्यांची जखम हीच त्यांची शिदोरी आहे. पण ती जखम भरत आलीय का, कोणी हात लावला तर भळाभळा वाहते का, हे कोणीतरी बघायला लागतं. म्हणजे प्रश्न ‘तुझ्यासोबत काय झालं’ हा नाहीच, तो विचारायचा तुम्हाला हक्कही नाही. प्रश्न आहे की जे झालं त्याचं तू पुढे काय केलंस, कोणाशी बोललीस, आणि तसंच कोणी समोर येऊन बसलं तर तू स्वतःला कशी सावरशील, मदत मागशील का. ‘मला अमुक विषय सध्या नको’ असं म्हणता येणं ही माझ्या मते पहिल्या नंबरची तयारी आहे.

आणि दुसऱ्या टोकाचीही मुलं असतात ज्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही कारण ती रडत नाहीत. एक टॉपर मुलगा होता, सगळ्या थिअरी तोंडपाठ. थेरपीतून माणूस बदलायला काय काय लागतं याच्या कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये सांगितलेल्या सहाच्या सहा अटी ओळीने म्हणून दाखवायचा. सातवीतल्या एका मुलीचा बाप रोज पिऊन यायचा, ती घाबरून सांगत होती, आणि याने तिला सांगितलं, बाबांना तू नीट समजावून सांग, मुलींचं वडील ऐकतात. सातवीतली मुलगी, दारू प्यायलेल्या बापाला समजावणार! मी नंतर त्याला बाजूला घेऊन बोलले तर त्याने बॅगेतून पुस्तक काढलं आणि फॅमिली सिस्टीमचा चॅप्टर मला दाखवायला लागला. वाईट मुलगा नव्हता हो. त्याला फक्त आपण चुकलो हे ऐकायची सवय नव्हती, कारण पहिलीपासून तो चुकलाच नव्हता, आणि तुमच्या एंट्रन्सनेही त्याला तेच सांगितलं की तू पहिला आलास.

आता ही सगळी घाई का करतेय. कारण येत्या दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे अर्जांचा पाऊस पडणार आहे. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या केसमध्ये निकाल देताना देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमावा असं आहे. शंभर पोरं म्हणजे किती, तालुक्याच्या ठिकाणचा बऱ्यापैकी क्लाससुद्धा त्यात बसतो. म्हणजे मागणी वाढली. त्याच वर्षी यूजीसीने जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून सायकॉलॉजी दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली, ते मुळात २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यामुळे, ज्यात मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे काउन्सेलर आरोग्य व्यावसायिक म्हणून यादीत आले. म्हणजे घरबसल्या एमए करणारे सगळे आता तुमच्या दाराशी येणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला निदान १९९२ च्या कायद्याखालचं आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन तरी लागतं. साध्या ‘काउन्सेलर’च्या पाटीला अजूनही व्यवहारात कोणी विचारत नाही, सहा वीकेंडचा कोर्स करून लोक इन्स्टावर सेशनचे रेट लावतात. अशा वेळी तुमची दोन वर्षांची डिग्री हीच एक चाळणी उरते, आणि त्या चाळणीला भोकं कुठे ठेवायची हे तुम्ही ठरवणार आहात.

तुम्ही म्हणाल, मॅडम, बोलायला सोपं आहे. चारशे अर्ज, तीस सीट, विभागात कायम शिक्षक दोन आणि बाकी सगळे तासिका तत्त्वावर, त्यांना स्वतःचा पगार कधी होणार माहीत नसतो ते कुठे पोरांची तयारी तपासत बसतील. शिवाय मेरिट लिस्टला हात लावला की दुसऱ्या दिवशी माहितीचा अधिकार, तिसऱ्या दिवशी कुलगुरूंकडे तक्रार. हे सगळं मला मान्य आहे. म्हणून मी असं म्हणतच नाही की प्रवेशाची यादी बदला. प्रवेश द्या मेरिटने, आरक्षणाने, नियमाने, जसा देता तसा. पण पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी, खऱ्या माणसासमोर बसवायच्या आधी, एक दार ठेवा. वर्गात बसायचा हक्क मार्कांनी मिळाला, ठीक. दुसऱ्याच्या आयुष्यात बसायचा हक्क मार्कांनी मिळत नाही, एवढंच माझं म्हणणं. जो तयार नसेल त्याला ‘अजून नाही’, म्हणजे थिअरीचे पेपर चालू ठेव, प्रॅक्टिकम, म्हणजे खऱ्या माणसांसोबतचं काम, पुढच्या सेमिस्टरला, तोपर्यंत काय करायचं ते लिहून देतो, फी पुन्हा घेणार नाही. हे शेवटचं विसरू नका, कारण फी पुन्हा घेतली की तो नापासच झाला.

आता तपासायचं कसं. सहानुभूती मोजायची फूटपट्टी बाजारात मिळत नाही हे मलाही कळतं. पण लोकांनी प्रयत्न केलेत. कॅनडात मॅकमास्टर युनिव्हर्सिटीने डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी एका लांबलचक इंटरव्ह्यूऐवजी छोटी छोटी स्टेशनं लावली, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक आणि वेगळा प्रसंग, त्याबद्दलचा पेपर २००४ चा आहे. कल्पना साधी आहे, एका माणसाला तुमचा चेहरा आवडला किंवा नाही आवडला तर सगळं त्यावर ठरू नये. आणि २००९ मध्ये टिमोथी अँडरसन आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतला एक अभ्यास आला, २५ थेरपिस्ट आणि त्यांचे ११४१ क्लायंट. थेरपिस्टना अवघड क्लायंटच्या छोट्या फिल्म दाखवल्या, कोणी चिडलेला, कोणी गप्प, कोणी ‘तुमच्याकडून काही होणार नाही’ म्हणणारा, आणि विचारलं की आता या क्षणी तुम्ही काय बोलाल, ते बोला, रेकॉर्ड करतोय. त्या उत्तरांना जे गुण मिळाले त्यावरून कोणाचे क्लायंट जास्त सुधारतील याचा अंदाज लागत होता. फिल्म थांबली की तोंडातून काय निघतं, यावर! ज्यांच्याकडे प्रोजेक्टर आहे अशा कुठल्याही विभागाला हे करता येईल.

आमच्या इथे आम्ही काही जण मिळून मुलांसाठी एक छोटी हेल्पलाइन चालवायचो, तिच्या व्हॉलंटियरसाठी आम्ही अर्ध्या दिवसाचं असंच एक काहीतरी जुळवलं होतं. कॉलेजातली एकांकिका करणारी पोरं क्लायंट म्हणून बोलावली, त्यांना हे काम फार आवडतं, वडापाव आणि चहावर दिवसभर रडून दाखवतात. एका टेबलावर एक बाई बसलेली, तिची अडचण अशी की तिला उत्तरच नाही, सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा परगावी, पैसे नाहीत. उमेदवाराने सात मिनिटं तिच्यासोबत बसायचं. बघायचं काय, तर तो किती लवकर सल्ला देतो. एका मुलाने चाळिसाव्या सेकंदाला वृद्धाश्रमाचा पर्याय दिला. एक काकू, त्या बँकेतून व्हीआरएस घेऊन आलेल्या, सात मिनिटांत मोजून तीन वाक्यं बोलल्या आणि त्यातलं एक होतं, मग तुम्ही जेवता कधी? ती नाटकातली मुलगी नंतर म्हणाली, मॅडम, त्या प्रश्नाला मला खरंच रडू आलं, अॅक्टिंग नव्हती.

दुसऱ्या टेबलावर शाळेतली मुलगी, ती म्हणते, एक सांगू का पण आईशप्पथ कोणाला सांगणार नाही ना? इथे भले भले पडतात. समोर लहान मूल आहे, विश्वास टाकतंय, आपल्याला चांगलं वाटून घ्यायचंय, आणि तोंडातून जातं, नाही गं, प्रॉमिस. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली तर कळवावंच लागतं, नाही कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे. म्हणजे ते प्रॉमिस पाळता येणारच नाही, आणि मोडलं की त्या मुलीला वाटणार हिनेही फसवलं. कायदा शिकवता येतो, तो काही पहिल्या सेमिस्टरला पाठ पाहिजे असं नाही. मला बघायचं असतं की समोरच्याला आवडावं म्हणून हे मूल काय काय कबूल करून बसतं.

तिसरं टेबल माझं आवडतं. तिथे काही नवीन करायचं नाही. आधीच्या दोन्हीवर आम्ही फीडबॅक द्यायचो, अगदी स्पष्ट, की तू इथे तिचं वाक्य तोडलंस, इथे तू विषय बदललास कारण तुला अवघडल्यासारखं झालं. मग तेच सात मिनिटं पुन्हा. इतक्या वर्षांत माझा स्वतःचा ठोकताळा हाच झालाय, पहिल्या वेळी कोण किती छान बोललं याने मला काहीच कळत नाही, दुसऱ्या वेळी काय बदललं याने बहुतेक सगळं कळतं. जो बदलतो तो शिकेल. जो म्हणतो ‘मला ते मुद्दामच तसं करायचं होतं’ त्याला अजून वेळ आहे. आणि जो फीडबॅक ऐकून इतका कोसळतो की दुसऱ्यांदा बसूच शकत नाही, त्यालाही वेळ आहे, पण वेगळ्या कारणाने, आणि त्याच्याशी नंतर चहा घेत वेगळं बोलायला लागतं.

परीक्षक कोण, तर एक शिक्षक, एक रोज काम करणारा समुपदेशक, आणि शक्य असेल तर एक असं माणूस जे कधीतरी क्लायंटच्या खुर्चीत बसलंय. या तिसऱ्या माणसाचं आणि माझं मत कधी कधी जुळायचं नाही आणि बहुतेक वेळा नंतर त्यांचंच बरोबर निघायचं.

भाषेचं बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये होतो. परभणीहून आलेली मुलगी ‘एम्पथी’ची व्याख्या अडखळत सांगते आणि पुण्या-मुंबईची मुलगी सफाईने सांगते, की झाला निकाल. पण माझ्याकडे जी आई येते ती ‘अँग्झायटी’ म्हणत नाही. ती म्हणते जीव घाबराघुबरा होतो, छातीत धडधडतं, डोकं बधिर झाल्यासारखं वाटतं, कशातच मन लागत नाही, कसंतरीच होतं. त्या ‘कसंतरीच’ला धरून पुढचा प्रश्न विचारता येणं ही तयारी आहे. सफाईदार मुलगी तिथे वहीत ‘सोमॅटिक कम्प्लेंट्स’, म्हणजे शरीराच्या तक्रारी, असं लिहून पुढच्या प्रश्नावर जाते, परभणीची म्हणते कसंतरी म्हणजे पोटात का हो, रात्री जास्त होतं का. मग सांगा कोण तयार? निदान एक टेबल उमेदवाराच्या घरच्या भाषेत लावा, मग ती मराठी असो, अहिराणी असो, उर्दू असो.

आता याची काळी बाजू, ती मी नाही सांगितली तर तुमच्यातलंच कोणीतरी सांगेल. ‘तयार नाही’ हे फार सोयीस्कर शब्द आहेत. आपल्याकडे त्याच्या आडून काय काय करता येईल हे मला नीट दिसतं. ज्याची जात खटकली, जी वर्गात उलट प्रश्न विचारते, जो मुलगा जरा बायकी बोलतो, जी मुलगी डिप्रेशनची गोळी घेते हे कोणीतरी कुजबुजलं, सगळ्यांना ‘पर्सनॅलिटी सूट होत नाही’ म्हणून बाहेर काढता येतं. म्हणून सगळं आधी लिहून ठेवायचं, प्रवेशाच्या माहितीपत्रकातच, की काय बघणार, कोण बघणार, किती वेळा संधी, अपील कुठे करायचं. मानसिक आजाराचा इतिहास किंवा चालू उपचार हे कारण असूच शकत नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे हे समितीतल्या एकाला तरी माहीत असू दे. शेरा वागण्यावर लिहायचा, माणसावर नाही. ‘अपरिपक्व आहे’ हा शेरा झाला नाही. ‘क्लायंट रडायला लागल्यावर दोन्ही वेळा विषय बदलला’ हा शेरा झाला.

तयार नसलेल्याला असं दारात थांबवणं, अमेरिकेत याला गेटकीपिंग म्हणतात आणि तिथे हे कोर्टापर्यंत गेलंय. १९७८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मिसुरीतल्या एका मेडिकलच्या विद्यार्थिनीच्या केसमध्ये, जिचे लेखी मार्क उत्तम होते पण पेशंटसोबतचं काम धड नव्हतं, कॉलेजची बाजू धरली, कारण हा शैक्षणिक निर्णय आहे आणि तिला आधी अनेकदा कळवलेलं होतं. उलट ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीत २००९ मध्ये काउन्सेलिंगच्या एका विद्यार्थिनीने समलिंगी क्लायंट धर्माच्या कारणाने घ्यायला नकार दिला, तिला काढलं, आणि २०१२ मध्ये अपील कोर्टाने प्रकरण ज्युरीपुढे जायला पाहिजे म्हटल्यावर पैसे देऊन मिटवावं लागलं, कारण क्लायंट दुसरीकडे पाठवू नये असा लेखी नियम युनिव्हर्सिटीला नीट दाखवता येत नव्हता. मला स्वतःला त्या विद्यार्थिनीचं वागणं मुळीच पटलेलं नाही. पण आपल्याकडे आज एखादा इंटर्न म्हणाला की असा मुलगा आला तर मी त्याला ‘नॉर्मल’ व्हायला समजावेन, आणि हे दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी म्हणतंच, तर तुमच्या कुठल्या कागदावर लिहिलंय की हे चालणार नाही? समलिंगी संबंध गुन्हा नाही हा आपल्या सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल होऊन इतकी वर्षं झाली तरी मला असा एकही कागद तुमच्याकडून आलेला नाही.

फीबद्दल एकच वाक्य, कारण हे बोललं की लोक चिडतात. जिथे सीट भरण्यावर पगार चालतात तिथे ‘अजून नाही’ म्हणणं महाग पडतं, हे मला कळतं, पण ती किंमत सध्या नववीतली मुलं भरतायत.

जाता जाता त्या टॉपरचं सांगायचं राहिलं. मी त्याचे तास पूर्ण झाल्यावर सर्टिफिकेटवर सही केली नाही, वेगळ्या कागदावर चार ओळी लिहून विभागाला पाठवल्या. उत्तर आलं नाही. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही, पास झाला असेलच.

मार्च-एप्रिलमध्ये तुमची नवीन माहितीपत्रकं छापायला जातील. त्याआधी ज्या विभागाला एक दिवस हे टेबलांचं करून बघायचं असेल त्यांनी शाळेच्या पत्त्यावर दोन ओळी पाठवा, माझा पत्ता तुमच्या इंटर्नशिपच्या फाइलीत आहे. शनिवार असला तर बरं, शाळा सकाळची असते. मानधन नको. एकांकिकेची पोरं मी आणते, वडापाव तुम्ही सांगा, आणि प्लीज थोडे जास्त सांगा, ती पोरं फार खातात.

तुमच्या इंटर्नना दर वर्षी सांभाळणारी,
एक शाळा समुपदेशक